बदकाच्या पायातलं कडं

नवरा गेल्यावर ती दिराच्याच घरी राहिली. मागच्या खोलीत शिलाई मशीन, शेजारी अंथरूण. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची.

दीर तळ्यावर चोरून जाळी लावायचा आणि रानबदकं हॉटेलांना विकायचा. पिसं काढायचं काम वहिनीकडे. तिला ते नकोसं व्हायचं, पण ज्याच्या घरात राहायचं त्याला नाही कसं म्हणणार?

एकदा एका बदकाच्या पायात धातूचं कडं निघालं. त्यावर आकडे आणि फोन नंबर.

"फेकून द्या ते, वहिनी," दीर म्हणाला.

तिने ते बॉबिनच्या डबीत टाकलं. हे बदक कुणीतरी हातात धरलं होतं आणि सोडूनही दिलं होतं, हे काही तिच्या मनातून जाईना. घरात कुणी नसताना तिने नंबर लावला आणि कड्यावरचे आकडे वाचून दाखवले.

फोनवरच्या बाई हरखल्याच. पक्षी कुठून कुठे जातात ते कळावं म्हणून अशी कडी घालतात, असं त्यांनी सांगितलं. "हे तर पार डोंगरांपलीकडून आलंय! कसं सापडलं?"

"मेलेलं. तळ्याकाठी."

"अजून पडलीत का?"

"हो... दोन-तीन." एकच म्हटलं तर खोटं वाटेल, असं तिला वाटलं.

तिथेच ती फसली. बाईंनी लगेच पत्ता विचारून घेतला. दुसऱ्याच दिवशी बाई पशुवैद्यांना घेऊन दारात हजर. दीर घरीच होता.

"बदकं बर्ड फ्लूच्या साथीने मेली असली तर गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतील," पशुवैद्य म्हणाले.

शेजारची म्हातारी अंडी विकून जगत होती. खरं बोलावं तर डोक्यावरचं छप्पर जाणार, गप्प बसावं तर म्हातारीच्या पोटावर पाय.

"साथ-बिथ नाही," ती शेवटी म्हणाली. "भाऊजींच्या जाळ्यात सापडलं ते."

"वहिनींचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं," दीर हसत म्हणाला.

ती उठली. मशीनखालची पिसांची गोणी ओढत आणली आणि सगळ्यांसमोर उपडी केली.

जाळी जप्त झाली. दिराच्या मागे कोर्टाच्या फेऱ्या लागल्या. म्हातारीला यातलं काही कळलंसुद्धा नाही. लोक काय म्हणतील म्हणून दिराने वहिनीला घराबाहेर काढलं नाही, पण बोलणं बंद केलं. जाऊ ताट दाराशी ठेवून जाते.

परवा बाईंचा फोन आला. "तळ्यावर यंदा खूप बदकं उतरलीत. बघायला या ना!"

"येते," वहिनी म्हणाली.

तळं हाकेच्या अंतरावर आहे. पण जायचं तर पुढच्या खोलीतून जावं लागतं, आणि तिथे दीर बसलेला असतो.