मोडेमची खोळ

खांबेटेकाकांच्या घरात उघडं असं काहीच नसे. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, फोनवर क्रोशाचा रुमाल आणि रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. मानपाडा रोडवरच्या आमच्या इमारतीत मी नवा राहायला आलो आणि पहिल्यांदा त्यांच्या सोफ्यावर बसलो, तर काकांनी मला उठवून सोफ्यावर आधी जुनी चादर घातली. म्हणाले, "झाकलं ते टिकलं." हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून ते इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यामुळे जिला वायर आहे त्या प्रत्येक वस्तूवर शेवटचा शब्द त्यांचा. मी ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायचो, ते त्यांच्या हिशेबी काम नव्हतंच. "तुम्ही नुसती बटणं दाबता रे. आम्ही शॉक खाल्लेत."

मुलीची गोष्टही त्यांनी झाकूनच ठेवली होती. माधवीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती कॅनडाला गेली. काका मात्र चार वर्षं इमारतीत सांगत होते, "ट्रेनिंगला गेलीय." इतकं लांबलेलं ट्रेनिंग कसलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मग तिला मुलगी झाली. काकूंना पत्र आलं, की बाळाचा फोटो ईमेलने पाठवते, बाबांना बघायचा असेल तर बघू देत. पत्र आल्याच्या नवव्या दिवशी काका कॉम्प्युटर आणि मोडेम घेऊन आले. "इंटरनेट काय भानगड आहे, बघावं म्हटलं." फोटोचं नाव नाही.

जोडणी अर्थातच त्यांनी केली. ईमेल उघडून देण्यापुरतं मला बोलावलं. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? फोनची वायर वीत-वीतभर अंतरावर क्लिपा मारून भिंतीच्या कडेने सरळ रेषेत नेली होती. मोडेम लागला आणि त्याच संध्याकाळी काकूंकडून त्याला खोळ शिवून घेतली. पडद्याचं उरलेलं जाड कापड, आत अस्तर, कडेला लेस.

फोटो वरून खाली हळूहळू उतरायचा. आधी काळंभोर जावळ, मग कपाळ, आणि भुवया यायच्या सुमारास लाइन तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. असं पाच दिवस चाललं. काकू खुर्चीमागे उभ्या राहून नातीचं कपाळ तेवढं बघायच्या आणि पदराने डोळे टिपायच्या.

"काका, मोडेम तापतोय. खोळ काढा."

"तुझ्या जन्माआधीपासून मोटारी थंड ठेवतोय मी. टेलिफोनवाल्यांची लाइन सडलीय."

त्यांनी तीन प्रतींत तक्रार लिहिली. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सरही बंद करून पाहिला. मला त्यांचा खरोखर संताप आला. एक फडकं उचलायचं होतं, पण ते उचलणं म्हणजे आपलं चुकलं म्हणणं, आणि ते या घरात कधी घडलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी मी गेलो तर मोडेम उघडा होता.

"खोळ कुठाय?" काकांनी विचारलं.

"अहो, हळद सांडली तिच्यावर. भिजत घातलीय," काकू म्हणाल्या. मोडेम बाहेरच्या खोलीत होता. तिथे हळद कुठून यायची? पण काकांनी खुर्ची पुढे ओढली.

जावळ आलं. कपाळ आलं. भुवया आल्या, डोळे आले आणि मग ठसठशीत खांबेट्यांचं नाक आलं.

"तक्रार वाचलेली दिसते त्यांनी," काका म्हणाले आणि उठून मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू होता. ओल्या तोंडाने बाहेर आले आणि एका बोटाने त्यांनी माधवीला एक ओळ लिहिली. त्या ओळीला अर्धा तास लागला. लाइन तुटली नाही.

त्यानंतर ती खोळ काही परत दिसली नाही. वर्षभराने दोघं कॅनडाला निघाली तेव्हा काकूंनी मला नातीसाठी शिवलेलं झबलं दाखवलं. मऊ, सुती कापडाचं. त्याची लेस मात्र माझ्या ओळखीची होती.

जिन्यात काकांनी मोडेम माझ्या हातात दिला. "वापर. पण याला उघडा ठेव. झाकला की तापतो."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मग? माझ्या बाहेरच्या खोलीत हळद कुठून येणार रे?" ते म्हणाले आणि बॅग उचलून खाली उतरू लागले.