विटेचा हार

आमच्या ह्यांनी ज्या कारखान्यात मोटारींच्या दरवाजांचे पत्रे दाबत उमर घालवली, तो बंद पडून कितीतरी वर्षं झाली. यंदा त्याच्या इमारती पाडायला घेतल्या. हे रोज पुरानी बस्तीतल्या आमच्या घरून ऑटो धरून बघायला जायचे आणि डोळे पुसत परत यायचे. खरं सांगते, मला ते बघवत नव्हतं. माझ्या एवढ्या मोठ्या दुखण्यात ह्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

माझं जळणं जुनंच आहे. दर खंडेनवमीला हे झेंडूचा जाड हार ओवायचे आणि कारखान्यातल्या मशीनला घालायचे. माझ्या शिलाई मशीनवर मी अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाऊज शिवले, पण तिला उरलेली चार फुलं.

यंदा वाटलं, कारखानाच नाही, म्हणजे हार आपला. तर ह्यांनी पाडकामातून वीट आणली, धुऊन पाटावर ठेवली आणि हार तिलाच घातला.

"काहून जी, माझ्या मशीनले यंदाही चारच फुलं?"

"अवं, ते बिचारी बेघर झाली. तुही मशीन तर चालून राहिली."

दुपारी हे झोपले तेव्हा मी हार काढून माझ्या मशीनला घातला. मशीनचा एक पाय डुगडुगायचा, त्याखाली वीट सरकवली.

उठल्यावर ह्यांनी हार पाहिला, मशीनच्या पायाखालची वीट पाहिली. मग मशीनवरची ती चार फुलं उचलून वाकून विटेवर ठेवली. एखाद-दुसरं ठेवलं असतं तर चाललं असतं. पण चारही ठेवली, ते मला जरा जास्तच वाटलं.