हल्लीच्या पिक्चरमधला अंधार

आयर्लंडमधल्या नावन गावच्या मराठी मंडळींत शनिवारी कुठला पिक्चर बघावा असा प्रश्न कुणाला पडला, की तो शिरीषला फोन करतो. खरं तर करू नये, कारण नुसतं हो की नाही विचारलं तरी हा माणूस पाऊण तास सोडत नाही. शिरीषला प्रेमाचे पिक्चर चालत नाहीत, विनोदी चालत नाहीत, नाचगाण्यांचं तर नावच काढू नका. त्याला खून लागतो. खून, भूत, दरोडा नाहीतर लढाई, यातलं काहीतरी पडद्यावर चालू असलं की डब्लिनजवळच्या सिटीवेस्टच्या ऑफिसातला आठवड्याचा शीण तो विसरतो. तिथे मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर आहे. वय सत्तेचाळीस, केस अर्धे पिकलेले, आणि संशय घेणं हा जन्माचा छंद.

त्याची मतं ऐकण्यासारखी असतात, हे मात्र त्याच्याशी रोज भांडणारेही कबूल करतील. थ्रिलरमध्ये जो उगाच मदतीला पुढे पुढे करतो त्याच्यावर नजर ठेवा, असं तो सांगतो. गुन्ह्याच्या पिक्चरमध्ये तपास करणारा इन्स्पेक्टर दोन तासांत एकदाही जेवला नाही तर तो पिक्चर खोटा, उपाशी माणसाचं डोकं चालतंय कशाला! भुताच्या पिक्चरमध्ये दार आपोआप उघडतं तोवरच राम असतो. एकदा का ती पांढऱ्या डोळ्यांची बाई समोर आली, की मग उरते फक्त मेकअप केलेली बाई. आणि लढाईच्या पिक्चरमध्ये ज्या शिपायाच्या तोंडाला कोरड पडलेली दिसत नाही तो आघाडीवर गेलेलाच नाही, स्टुडिओत जेवून आलाय.

दर शनिवारी दुपारी त्याच्या घरी पडदे ओढून पिक्चर लागतो. बायको वीणा असते, ती नावनच्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. मुलगी भार्गवी चौदा वर्षांची, सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळत असते. आणि आशुतोष असतोच असतो, शिरीषचा कॉलेजपासूनचा मित्र, चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन. खुनी कोण यावर पैज लागते आणि हरेल त्याने चहा करायचा. शिरीषने या घरात वर्षानुवर्षं चहा केलेला नाही.

पण गेल्या दोनेक वर्षांपासून त्याच्या मतांना एकच सूर लागला होता. अंधार! कुठलाही नवा पिक्चर बघितला की हा व्हॉट्सअॅपवर सुरू. ‘कॅमेरामनने दिवे लावायचे पैसे खाल्लेत. खुनी कोण हे सोडा, खोलीत किती माणसं आहेत हेच कळत नाही.’ लढाईचा पिक्चर असेल तर ‘रात्रीच्या हल्ल्यात आपला कोण, त्यांचा कोण, दिग्दर्शकाला तरी माहीत होतं का?’ भुताचा असेल तर ‘भूत आलं म्हणे. आलं असेल, मला भेटलं नाही.’ लोक हसायचे. हा मात्र मनापासून चिडलेला असायचा. स्वस्तातले सेट लपवायला ही मंडळी अंधार करतात आणि टीकाकार त्यांना सामील आहेत, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

मग त्याची आवडच बदलत गेली. कोर्टाचे पिक्चर, पोलीस स्टेशनातल्या ट्यूबलाइटखालच्या उलटतपासण्या, वाळवंटातल्या भर उन्हातल्या लढाया. एका सुमार भयपटाला त्याने पैकीच्या पैकी मार्क दिले, का तर त्यात भूत दुपारी बारा वाजता यायचं. “शिऱ्या, म्हातारा झालास तू,” आशुतोष म्हणाला. शिरीषने टीव्हीचा उजेड शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो कमी केलेला! त्याने पुन्हा वाढवला, पुन्हा कमी. रिमोट हातात घेऊन त्याने दोघींची उलटतपासणी घेतली, तेव्हा भार्गवी तिच्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत म्हणाली, की असा टीव्ही बघितला की डोकं दुखतं, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते.

घरात आणखीही बरंच काही घडत होतं, निदान शिरीषच्या हिशेबाने. डिशवॉशरचं दार कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवायचं आणि ते नेमकं त्याच्या नडगीला लागायचं. टेबलाच्या कडेचा कप त्याच्या कोपराला लागून पडायचा. “इथे ठेवतं कोण कप?” तो ओरडायचा. वीणा तर हल्ली पावलं न वाजवता चालायला शिकली होती. आत्ता नव्हती, आणि आत्ता शेजारी उभी! तो दचकायचा. “अशी चोरासारखी येऊ नकोस गं,” म्हणायचा. वीणा म्हणायची, “मी कधीपासून इथेच उभी आहे.” साध्या पायरीवर ठेचकाळलेल्या नवऱ्याकडे ती ज्या नजरेने बघायची, ती नजर शिरीषने पिक्चरमध्ये शंभरदा पाहिली होती. काहीतरी ठरवून बसलेल्या माणसाची नजर ती. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

ती काय ठरवून बसली आहे हे कळायला फार वेळ लागला नाही. तिला गाडी हवी होती. नोव्हेंबर लागला, साडेचारलाच दिवे लावायची वेळ आली, आणि वीणा म्हणाली, “शिरीष, संध्याकाळची गाडी आता मी चालवत जाईन. आणि तू एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये, मोठ्या डॉक्टरांकडे.”

“नंबर परवाच काढलाय मी. शेवटची ओळ घडाघडा वाचली.”

“नंबरचं नाही म्हणत मी.”

“मग कशाचं म्हणतेस?”

वीणा भांडी आवरायला लागली. हाय-वेवर गाडी घालायची म्हटलं की जिच्या तोंडचं पाणी पळायचं तिला अचानक स्टिअरिंगचा पुळका येतो, याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने? सिटीवेस्टला बसने जायचं तर आधी डब्लिन, मग लुआसची ट्राम, अर्धा दिवस प्रवासातच जाणार. त्याहून मोठं म्हणजे, गाडी ही या देशातली त्याची स्वतःची जागा होती. आला तेव्हा भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी होता तो. पहिला पगार, पहिली गाडी, पहिल्यांदा वीणाला विमानतळावरून घरी आणलं ते याच हातांनी. गाडी हातातून गेली तर आपण घरात बसवून ठेवलेला म्हातारा होऊ, ही भीती त्याला खरोखर वाटत होती. ती तो कुणाला सांगत नव्हता. ऑफिसातून तीनला निघायचा, लांबच्या पण दिवे असलेल्या रस्त्याने यायचा, आणि ट्रॅफिक टाळायला येतो असं सांगायचा.

मंगळवारी संध्याकाळी भार्गवीला खेळाच्या सरावाहून आणायचं काम त्याचं होतं. कॅमोगी खेळायची ती, हॉकीसारखा पण त्याहून आडदांड खेळ. ते काम त्याने हट्टाने सोडलं नाही. पण तिथेही एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पोरगी आता मंगळवारचं सोडून एरवीही गाडीत येऊन बसायला लागली. बाबा दूध आणायला निघाला, ही बूट घालून तयार. बाबा पेट्रोल भरायला निघाला, ही तयार. चौदा वर्षांची मुलगी, जी घरात बापाशी दोन वाक्यं बोलत नाही, ती काळोखात पेट्रोल पंपावर कशाला येईल? आणि आली तरी मागे बसणार नाही, मोबाइल काढणार नाही. पुढे बसायचं आणि अखंड टकळी चालू ठेवायची. डॅड, ती सायकल बघ किती हळू चाललीय. डॅड, राउंडअबाउटला आज गर्दी आहे ना. डॅड, बघ, युअर मॅन कुत्र्याला घेऊन निघालाय. ‘युअर मॅन’ म्हणजे तिकडे कुठलाही बाप्या, ओळखीचा असो नसो.

शिरीषने दोनच आठवड्यांत केस सोडवली. वीणाने पोरीला आपल्यावर नजर ठेवायला बसवलंय. बाप कुठे चुकतो, कुठे उशिरा ब्रेक मारतो, सगळं घरी जाऊन सांगायचं, आणि पुरेसा पुरावा जमला की किल्ली काढून घ्यायची. खुद्द पोटची पोर खबरी! त्याला इतकं वाईट वाटलं की एका मंगळवारी त्याने विचारलंच, “आईने पाठवलंय का गं तुला?”

“नो,” भार्गवी म्हणाली. फार पटकन म्हणाली. पडद्यावर इतक्या पटकन ‘नाही’ म्हणणारा प्रत्येक माणूस खोटं बोलत असतो. शिरीष त्या दिवसापासून तिच्याशी गाडीत बोलेनासा झाला. ती मात्र एकटीच बडबडत राहायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी आशुतोष जुना पिक्चर घेऊन आला. कॉलेजात असताना दोघांनी तो लागोपाठ तीनदा पाहिला होता. त्यातला बंदरावरच्या गोदामातला खून म्हणजे शिरीषच्या मते गुन्हेपटाचा कळस. रात्रीचा प्रसंग, एकच दिवा, तरी खुन्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, असं तो नव्या कॅमेरामन मंडळींना उद्देशून नेहमी सांगायचा. पडदे ओढले, चिवडा फिरला. भार्गवी शिरीषच्या अगदी शेजारी, सोफ्याच्या टोकाला बसली होती. गोदामाचं दार करकरलं आणि शिरीष पुढे सरकून बसला.

“हे काय आहे?” तो म्हणाला.

“काय काय आहे?” आशुतोष म्हणाला.

“कुठून उचललीस ही प्रिंट? काळीकुट्ट केलीय यांनी. अरे, तो कुठाय? घाम दिसायचा त्याचा!”

“दिसतोय की.”

“मला शिकवू नकोस आशुतोष. पाठ आहे मला हा पिक्चर. यांनी जुन्या पिक्चरला पण हात लावला. वीणा, तू टीव्हीला काही केलंयस का?”

वीणाने नुसती मान हलवली. आशुतोषने हळूच टीव्ही थांबवला. पडद्यावर गोदाम तसंच राहिलं. शिरीषने एकेकाकडे मान वळवून बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो भयंकर चिडला. साक्षीदार म्हणून त्याला पोरगीच आठवली.

“भार्गवी, तू सांग यांना. दिसतंय का तिथे काही?”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग बोलली, आणि मराठीत बोलली. आजीशी फोनवर बोलताना लागायचं तेवढंच मराठी तिच्याजवळ होतं. “दिसतंय बाबा. सगळं दिसतंय. तो जिन्याखाली उभा आहे. त्याच्या हातात दोरी आहे, कपाळावर घाम आहे. डावीकडे अजून एक माणूस बसलाय.”

“आईने पढवलंय तुला,” शिरीष म्हणाला.

“आईला काही माहीत नाही!” ती ओरडली आणि तिला रडू फुटलं. “आईला त्या मंगळवारचं पण माहीत नाही, मी रोज गाडीत यायला लागले त्याच्या आधीचं. युअर मॅन, कुत्रावाला. तो रस्त्याच्या कडेने येत होता. त्याने तुला हात केला. पिवळं जॅकेट होतं त्याचं, चमकणारं, बाबा. तू बाजूला नाही घेतलीस गाडी. मी ओरडले. तो खाली गवतात पडला, कुत्रा पण. तू म्हणालास, किंचाळतेस कशाला, मोबाइलमध्ये काय बघितलंस.”

शिरीषला ती किंचाळी आठवली. माणूस आठवेना. कितीही आठवला तरी तो रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर रिकामाच येत होता. जॅकेट नाही, हात नाही, कुत्रा नाही.

“लागलं का त्यांना?” त्याने विचारलं.

“मी मागे बघितलं. तो उठून उभा राहिला.”

वीणाने तोंडावर हात धरला होता. शिरीषने पोरीला विचारलं, “मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू म्हणाला असतास मी खोटं बोलते. तुला सगळेच खोटं बोलतात असं वाटतं.”

“आणि मग तरी गाडीत येऊन बसतेस?” तो म्हणाला. “दुधाला, पेट्रोलला? भीती नाही वाटत तुला?”

“खूप वाटते,” भार्गवी म्हणाली. “पण मी नाही आले तर तुला कोण सांगणार, समोर माणूस आहे म्हणून?”

ती त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, तरी तिचा चेहरा दिसायला त्याला सगळी मान वळवावी लागली. समोरचं तेवढं दिसत होतं, बाजूचं आणि काळोखातलं नाही. तिने नाक बाहीने पुसलं. महिनाभर गाडीत एकटीने केलेली ती सगळी बडबड, सायकल, राउंडअबाउट, कुत्रा, त्याला ओळीने ऐकू यायला लागली, आणि आपण तेव्हा तोंड फुगवून बसलो होतो हेही. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्याने तिचं डोकं छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

“सोमवारी त्या डॉक्टरांना फोन लाव,” तो अखेर वीणाला म्हणाला. “आणि मंगळवारी हिला आणायला तू जा. मी घरी थांबतो.”