कापसाच्या शेडमधला वादविवाद

धुळ्याच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या वादविवादाचा विषय होता: वर्गात सरकारवर टीका करावी का? आदल्या दिवशी कुणाचा तरी फोन आला आणि प्राचार्यांनी कार्यक्रमच रद्द केला. मुलं गप्प बसणारी नव्हती. नरडाण्याजवळच्या एका विद्यार्थिनीने वडिलांकडे कापसाची शेड मागितली. तिचे वडील, आबा, सगळ्यांनाच बोलावत म्हणाले, "बठ्ठा जण या, बोला. आठे कोणी अडावाव नही." इथे कोणी अडवणार नाही, हा त्यांचा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी शेड गच्च भरली. पहिलं भाषण रंगात आलं आणि दारात प्राचार्य उभे. ते म्हणाले, "मलाही बोलायचंय. विरोधात."

मुलांनी हुर्यो उडवली. तेव्हा तीच मुलगी उठली. "आपलं बोलणं बंद केलं म्हणून चिडलो ना आपण? मग सरांनाही बोलू द्या."

सर पोटतिडकीने बोलले. तिने त्यांचा एकेक मुद्दा खोडला, पण तेही हटले नाहीत. मला तर खुर्चीवर बसवत नव्हतं. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं समोर घडत होतं. परतताना सर माझ्याच गाडीत बसले आणि धुळ्यापर्यंत वाद घालत राहिले.