पोरं धरून किती?

माझ्या सासरी "माणसं किती?" असं विचारलं की जो आकडा यायचा, त्यात पोरं नसायची. पंगत असो, प्रवास असो, अंथरुणं घालायची असोत. पोरं मांडीवर, पोरं कडेवर, नाहीतर राहिलेल्या फटीत. मी सांगलीत वाढलेली, चार माणसांच्या घरातली, मला काय ठाऊक! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "आज बारा माणसं हैत जेवायला." मी मोजून बारा जणांचा स्वयंपाक केला आणि जेवायला बसली एकोणीस तोंडं. सगळी पोरं पुढं, पहिल्या पंगतीला. घाईघाईनं पिठलं टाकलं तेव्हा कुठं अब्रू वाचली. तेव्हापासून मी मनातल्या मनात पोरं धरून मोजायला लागले, पण मोठ्यानं बोलायची माझी टाप नव्हती.

हे सासर रहिमतपूरजवळच्या एका गावात. नवरा सांगलीत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, म्हणून आमचं बिऱ्हाड सांगलीला. सणावाराला गावी जायचं. रहिमतपूरपर्यंत एसटी आणि तिथून पुढं वडाप. म्हणजे माणसं कोंबकोंबून नेणारी जीप. मागं समोरासमोर दोन बाकडी, आपण आडवे बसलेले आणि गाडी भलतीकडंच चाललेली. एसटीत खिडकीशी बसली की आमची थोरली ठणठणीत असायची, अगदी कंडक्टरशी गप्पा मारायची. पण वडापच्या बाकड्यावर कुणाच्या तरी मांडीवर बसवली की दहाव्या मिनिटाला तिचा चेहरा पांढरा पडायचा, आणि अकराव्या मिनिटाला सांगलीहून निघताना खाल्लेलं भडंग समोरच्याच्या चपलांवर.

त्यावर सगळे हसायचे. "फौजीची नात आन् गाडी लागती व्हय गं तुला?" असं चिडवायचे. माझे सासरे, म्हणजे आबा, पलटणीत ट्रक चालवून पेन्शनीत आलेले. त्यांचंही म्हणणं हेच, "आमी चारचार दिवस असंच आडवं बसून जायचो. काय झालं?" पोर बिचारी हिरमुसायची. शेवटी एका दिवाळीला, साडेपाच वर्षांची झाल्यावर, तिनं जाहीर करून टाकलं, "मी आबांकडं येणार नाही." समजावलं, दटावलं, फटाक्यांची लालूच दाखवली. छे! हट्टाला बापावर गेलेली. मग तिला माझ्या आईकडं ठेवून आम्ही दीड वर्षाच्या धाकट्याला घेऊन निघालो.

आबा नेहमीसारखे फाट्यावर उभे होते. आम्ही उतरलो. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही, जीपच्या मागच्या दारातून आत वाकून बघितलं. "पोरगी कुठाय?" मी सांगितलं.  त्या दिवाळीत त्यांनी करंजीला हात लावला नाही, आणि आणून ठेवलेल्या फुलबाज्यांचे पुडे तसेच कपाटावर ठेवून दिले. मला फार वाईट वाटलं. एवढा दांडगा माणूस, पण तीन दिवस चुकल्याचुकल्यासारखा घरात फिरत होता. भाऊबीजेला मात्र सकाळी उठून म्हणाले, "गाडी घ्यायची. पोरीला घरापातूर आणंल अशी."

त्या वर्षी आल्याला बरा भाव मिळाला होता. शेतातल्या आल्याला हो, आमच्या तिकडं आल्याचंच पीक. झालं, आबांनी शब्द टाकला आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं. साताऱ्याच्या शोरूममधून त्यानं माहितीपत्रकांचा गठ्ठा आणला आणि पेपर तपासायचे सोडून तीच वाचत बसला. जेवताना ग्राउंड क्लिअरन्स, झोपताना ग्राउंड क्लिअरन्स. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, मळ्याच्या रस्त्याला पावसाळ्यात ती टेकेल का, याचा त्यानं ताव भरून हिशोब मांडला. मी विचारलं, "पण पोरगी बसणार कुठं?" तर म्हणाला, "अगं, दहा माणसं बसतात. जागाच जागा!" मी म्हटलं, असेल बाई. फिजिक्सवाल्याशी कोण वाद घालणार!

तेव्हा जीपपेक्षा ऐसपैस, टपाची, चौकोनी गाडी नवी नवी निघाली होती. पुढं तिघं, मध्ये तिघं, आणि मागं पुन्हा तीच समोरासमोरची बाकडी. तीच पसंत पडली. नाताळच्या सुट्टीत शोरूमचा माणूस ट्रायलची गाडी घेऊन गावात आला. त्याची कल्पना अशी की गावाबाहेर एक चक्कर मारायची आणि परत. आबा म्हणाले, "रिकामी गाडी काय बघायची? बैल घेताना भरल्या गाडीला जुपून बघत्यात." आणि त्यांनी भावकीला हाक मारली. पालीच्या खंडोबाला जाऊन यायचं ठरलं. नाही म्हणतील ती भावकी कसली! परीटघडीचं धोतर नेसून नाना पहिल्यांदा हजर. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, कुणालाही काहीही विकत घ्यायचं असलं की सल्ला द्यायला असायचेच.

थोरलीला मी या खेपेला शब्द देऊन आणलं होतं, की ही वडाप नाही, आपली गाडी आहे, तुला खिडकी मिळेल. आईनं दिलेला शब्द! पुढं स्टिअरिंगला आबा, शेजारी नवरा आणि शोरूमचा माणूस. मध्ये मी आणि भावकीतल्या दोन जावा, माझ्या मांडीवर धाकटा. मागं सासूबाई, नाना आणि आणखी दोन चुलत दीर. आबांनी वळून मोजलं. "धा. चला." थोरली अजून खालीच उभी होती. "अगं, ये की मांडीवर," म्हणून सासूबाईंनी तिला मागं ओढून घेतलं. ती माझ्याकडं बघत होती. मी नजर चुकवली. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

व्हायचं तेच झालं. हायवे लागायच्या आधीच नानांचं परीटघडीचं धोतर गेलं. शोरूमच्या माणसानं सीटकव्हरची काळजी केली, नानांनी धोतराची, सासूबाईंनी लिंबू हुंगायला दिलं आणि बाकीचे हसले. आबासुद्धा हसले. तिनं लिंबू परत सासूबाईंच्या हातात ठेवलं.

पालीला दर्शन झालं, भंडारा उधळला, नारळ फुटले. निघताना आबांनी पुन्हा पलटणीच्या शिस्तीत मोजलं. "धा. चला." गाडी कशी पळते, पिकअप कसा आहे, अशा गप्पा रंगल्या. दोन-तीन मैल आलो असू. मागून नाना म्हणाले, "आज पोरगी लय गप हाय गड्या. सुधारली."

सासूबाई म्हणाल्या, "तिच्या आईपाशी बसलीय न्हवं पुढं?"

मी म्हटलं, "माझ्यापाशी? तुमच्या मांडीवर आहे ना?"

  आबांनी करकचून ब्रेक मारला आणि त्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवली. मला आठ वर्षांच्या संसारात भावकीसमोर मोठ्यानं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. नवऱ्याला म्हटलं, "गाडीच्या पोटाखालची जागा सुतासुतानं मोजलीत. पोरीची जागा नाही मोजावीशी वाटली?"  त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी रडत होते, धाकटा मला बघून रडत होता, आणि आबा इतके जोरात चालवत होते की शोरूमच्या माणसानं खंडोबाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

थोरली पायऱ्यांशी भंडारा विकणाऱ्या बाईच्या शेजारी बसली होती, कपाळभर हळद, हातात खोबऱ्याचा तुकडा. ती बाई म्हणाली, "मला वाटलं आई वर देवळात हाय. लय गुणाची हाय हो पोर." मी तिला उचलायला धावले तर ती अंग चोरून म्हणाली, "मी त्या बाकड्यावर बसणार नाही. मी एसटीनं येणार आहे."

आबा तिच्याजवळ पायरीवर टेकले. "एसटीला पैसं कुठनं आणशील?"

"तुम्ही द्याल."

"व्हय, दीन की. पर आमास्नी सांगायचं न्हाई का? मी मोजली माणसं. धा भरली."

तिनं विचारलं, "मला धरून?"

आबांनी मान खाली घातली. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना. "न्हाई," ते म्हणाले. "चुकलं माझं." सासऱ्यांच्या तोंडून हे शब्द मी तरी पहिल्यांदाच ऐकले, आणि तेही एवढ्याशा पोरीला.

येताना ती पुढं खिडकीशी बसली, पूर्ण जागा घेऊन, पाय लांब करून. शोरूमचा माणूस मागं बाकड्यावर गेला. चार मैलांनंतर त्यालाच लागली गाडी. पोरीनं वळून बघितलं आणि समजूतदारपणे म्हणाली, "लिंबू हुंगा काका."

गाडी तीच घेतली. पण पैसे भरायला गेल्यावर आबा शोरूममध्ये म्हणाले, "मागची बाकडी काढून टाका." तो माणूस बघतच राहिला. "आबा, लोक जादा बाकडं बसवून मागतात हो! दहाची गाडी सहाची होईल." आबा म्हणाले, "सहाच हाय आमी. पोरं धरून." ते ऐकून मी शोरूमच्या काचेकडं तोंड करून उभी राहिले, डोळे कोरडे होईपर्यंत. गावात मात्र बभ्रा झाला. दहाची गाडी सहाची करून घेणारा शहाणा म्हणून आबांच्या नावानं पारावर महिनाभर करमणूक चालली. नवऱ्यालाही ते दुःखच होतं, कारण बाकड्यांचं वजन गेल्यानं गाडीच्या पोटाचा हिशोब त्याला पहिल्यापासून करावा लागला.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी आम्ही बरोबर सहा जण साताऱ्याला गेलो. आबा, सासूबाई, आम्ही दोघं आणि पोरं. तिथून परस्पर पालीला, देवाला गाडी दाखवायला. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि बघते तर शोरूमच्या दारात नाना! डोक्याला फेटा, काखेत नारळ. "नव्या गाडीला भावकीतलं माणूस नको व्हय?" आता त्यांना नाही कोण म्हणणार! सगळे आत बसले आणि एक माणूस जास्त झालं. नाना मोठ्या मनानं म्हणाले, "घ्या की पोरीला मांडीवर. हाय काय त्यात!"

आबा दार उघडून खाली उतरले. "ह्यात सहाच बसत्यात. मी येतो एसटीनं. पालीच्या फाट्यावर थांबा." नवरा "आबा, आवं आबा" करत राहिला. ज्यांनी गाडी घेतली तेच पहिल्या दिवशी स्टँडकडं चालायला लागले. तेवढ्यात थोरली सीटवरून घसरली आणि पळत जाऊन त्यांचं बोट धरलं. मी ओरडले, "अगं बये, तुझ्यासाठी एवढा खटाटोप केला ना!" ऐकते कुणाची! "मला एसटी आवडते," असं लांबूनच सांगून निघाली.

अशी आमची नवी कोरी गाडी खिडकीजवळची तिचीच जागा रिकामी ठेवून हायवेला लागली. धाकटा तिथं आडवा होऊन झोपला. नानांनी गाडी बरी असल्याचा निर्वाळा दिला.

फाट्यावर अर्धा तास थांबलो. कराडची एसटी आली, आधी थोरली उडी मारून उतरली, मागून आबा. तिच्या मुठीत तिकिटं होती आणि सांगायची कोण घाई! कंडक्टर म्हणाला होता, "एक फुल, एक हाफ ना आजोबा?" आबा म्हणाले, "दोन फुल." तो म्हणाला, "आवं, पोरगी ल्हान हाय. अर्धं तिकीट बसतंय." तर आबा म्हणाले, "तिकीट बसंल अर्धं. पोरगी अख्खी हाय."

"आई, मी अख्खी आहे ना गं?" तिनं विचारलं.

 मी मान डोलावली आणि तिला खिडकीशी बसवलं.

नाना कुणी न सांगता खाली उतरले, फेटा सावरत मागं चढले आणि बाकडी काढलेल्या जागेत पोतं टाकून बसले. ही अक्कल साताऱ्यातच सुचली असती तर दोन तिकिटं वाचली असती, पण असो. नवऱ्यानं गाडी सुरू केली. आबांनी पुढून वळून आधी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "एक," ते म्हणाले. मग धाकट्याच्या, "दोन." मग आम्ही मोठी माणसं.