उलट्या बाजूने चढणारी माणसं

घोरावाडी स्टेशनावर आम्ही फलाटावरून गाडीत चढल्याचं मला आठवत नाही. आम्ही म्हणजे परंदवडी आणि आसपासच्या वाड्यांतली दूध घालणारी माणसं, आणि त्यांच्या मागोमाग वह्यांची पिशवी घेतलेली मी. आमची गावं रुळांच्या अलीकडे आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीचा फलाट पलीकडे. फलाटावर जायचं तर टोकाच्या फाटकापर्यंत चालत जाऊन वळसा घ्यायचा, तोही भरलेल्या किटल्या सांभाळत. एवढा उपद्व्याप कोण करतो? आम्ही सरळ अलीकडचा रूळ ओलांडायचो, दोन रुळांच्या मधल्या पट्टीत उभे राहायचो आणि गाडी थांबली की उलट्या बाजूने चढायचो. तिथे कोणीतरी दोन चपटे दगड रचून ठेवले होते. आई त्या दगडांवरून आधी मला वर ढकलायची, मग किटल्या, मग स्वतः चढायची. हे नियमाबाहेर आहे हे आम्हालाही ठाऊक होतं आणि स्टेशनमास्तरांनाही. ते पलीकडून बघत आणि मुकाट्याने हिरवं निशाण दाखवत.

वडील गेल्यावर आईने दूध घालायचं काम अंगावर घेतलं आणि मला पुण्याच्या मुलींच्या शाळेत घातलं. दोन्ही गोष्टी आमच्या आबांना पसंत नव्हत्या. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी शाळेला होकार दिला तो एका अटीवर: पोरगी आईबरोबर जाईल आणि आईबरोबरच परत येईल. म्हणून आई सकाळी दूध घालून झालं की एका खाणावळीत भाकऱ्या बडवायची, आणि शाळा सुटली की आम्ही दोघी संध्याकाळच्या गाडीने घरी. शाळेची घंटा होईपर्यंत मी एका गिऱ्हाइकाच्या ओट्यावर बसून अभ्यास करी. त्या ओट्यावर माझा निम्मा भूगोल पाठ झाला. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि आमच्या गावातली कोणीच मुलगी तिथवर पोचली नव्हती. त्याची मला घमेंडही होती, उगाच कशाला लपवू?

जर्मनीशी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डबे, इंजिनं सगळं लष्कराकडे चाललंय, गाड्या कमी करणार, असं जो तो बोलायचा. कोण म्हणे दुपारची बंद होणार, कोण म्हणे रविवारच्या सगळ्या. आमच्या लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. दुधाची गाडी कोण बंद करतंय, असं त्यांचं म्हणणं.

एका मंगळवारी मास्तरांनी मला खिडकीतून हाक मारून जवळ बोलावलं. गुरुवारी सकाळी रेल्वेचे साहेब येणार आहेत, सगळ्यांना निरोप दे, त्या दिवशी उलट्या बाजूने कोणीही चढायचं नाही, असं ते म्हणाले. आणखी काही सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. मी निरोप शब्द न शब्द पोचवला. ऐकणाऱ्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. साहेब धरपकड करायला येतोय. दंड होईल, पास काढून घेतील, किटल्या जप्त होतील. दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यातही आला नाही, माझ्याही नाही. वाट वाकडी करून जाणारी माणसं आम्ही, साहेब म्हटला की आधी आपली वाकडी वाट आठवायची.

झालं. गुरुवारी अख्खी मंडळी अंधार फिटायच्या आत किटल्या घेऊन तळेगावला चालत गेली आणि तिथून गाडीत बसली. आई आणि मीसुद्धा. आमचं स्टेशन आलं तेव्हा सगळे डब्यात खाली वाकून बसले. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. फलाटावर एक टोपीवाला माणूस वही घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर चार टाळकी. साहेबाला कसा चकवला म्हणून आम्ही देहूरोडपर्यंत हसत होतो. मी तर सगळ्यांत जास्त हसले.

शुक्रवारी मास्तर रूळ ओलांडून आमच्या पट्टीत आले. त्यांना तिकडे आलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. रागावले नव्हते, पण चेहरा उतरला होता. गाड्या कमी करायच्या ठरल्या आहेत, म्हणाले, आणि लहान स्टेशनांवर जिथे माणसं चढत नाहीत तिथे सकाळ-संध्याकाळची गाडी पुढच्या महिन्यापासून थांबणार नाही. साहेब डोकी मोजायला आले होते. उघड सांगायची मला बंदी होती, मास्तर म्हणाले, लोक मुद्दाम गर्दी जमवतील म्हणून. फलाटावर या, एवढंच मी सुचवू शकत होतो.

आमचे महिन्याचे पास पुण्याला काढलेले, त्यामुळे घोरावाडीच्या पुस्तकातही आम्ही कुठे नव्हतो. म्हणजे कागदावर नाही आणि फलाटावरही नाही. इतकी वर्षं रोज गाडी भरून जाणारी माणसं आम्ही, आणि आम्ही नव्हतोच, असं ठरलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या दिवशी गणिताच्या तासाला बाईंनी दोनदा हटकलं.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. आबा ओसरीवर बसले होते. रोज तळेगावपर्यंत जाऊन-येऊन बायामाणसांनी ओढ्यातून अंधारात चालायचं का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता शिकली तेवढं पुष्कळ झालं म्हणाले. लोणावळ्याजवळच्या औंढ्याचं एक स्थळ त्यांच्या मनात होतंच. चांगली जमीन, एकुलता मुलगा. शाळा बंद झाली की बोलणी करू, असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, सुटका होती. त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या परीक्षेला चार महिने राहिले होते.

दुसऱ्या दिवशी गाडीत नुसता कालवा. एकजण म्हणाला, बैलगाडीने दूध नेऊ. दुसरा म्हणाला, तोवर दुधाचं दही होईल. एकाने मास्तरांनाच शिव्या घातल्या. मी इंग्रजीत अर्ज लिहायचं काढलं. सोमाटण्याचे एक चाचा आमच्याच डब्यातून अंडी-कोंबड्यांच्या पाट्या घेऊन जायचे. आठवड्यातून दोनदा ते लोणावळ्याच्या बंगल्यांवरही माल द्यायचे. ते म्हणाले, अर्ज लिही पोरी, पण साहेबानं डोळ्यांनी रिकामा फलाट बगितलाय, कागदानं त्यो भरत न्हाई. तो साहेब लोणावळ्याला उतरलेला आहे हे त्यांनाच ठाऊक होतं. किटलीच्या झाकणाचं फडकं घट्ट करत आई म्हणाली की मग लोणावळ्याला जाऊ.

सोमवारी सात जण गेलो. आई, मी, चाचा आणि चार दूधवाले. एक दिवसाचं दूध घरीच विरजलं. साहेबाच्या दारात दोन तास उभे राहिलो. शिपाई दोनदा हाकलून गेला आणि आम्ही दोनदा त्याच जागी येऊन उभे राहिलो. शेवटी साहेबच बाहेर आला. गोरा नव्हता, पण दूरच्या मुलखातला, मराठीचं अक्षर कळत नव्हतं. माझ्या इंग्रजीची परीक्षा मॅट्रिकच्या आधीच झाली. अर्ज वाचून त्याने एकच प्रश्न विचारला: इतकी माणसं रोज जातात, तर गुरुवारी ती कुठे होती?

मी काहीतरी बनवून सांगणार होते. जत्रा होती म्हणावं, लग्न होतं म्हणावं. जिभेवर आलंही होतं. आईने माझ्या दंडाला धरलं. तिला प्रश्न कळला नव्हता, पण माझं तोंड तिला वाचता येत होतं.

"खरं सांग त्यास्नी," ती म्हणाली. "आमी रोज उलट्या बाजूनं चढतो. आमी भ्यालो म्हून पळालो. गाडी नको म्हून न्हाई."

मी ते तसंच सांगितलं. उलट्या बाजूने चढतो म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं होतं, आणि चारही दूधवाले माझ्याकडे असे बघत होते की मीच त्यांना बेड्या घालतेय. निरोप मीच पोचवला होता, अर्थ विचारला नाही, हेही मी सांगितलं. साहेबाने अर्जाची घडी घातली. मग म्हणाला, उलट्या बाजूचा माणूस मला दिसत नाही आणि मी त्याला मोजतही नाही. पंधरा दिवसांत मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही. फलाटावर जे दिसतील तेवढेच.

ते पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. रोज सगळ्यांनी अर्धा तास आधी निघायचं, फाटकाला वळसा घ्यायचा, किटल्या घेऊन फलाटावर उभं राहायचं. एक दिवस चुकवून चालणार नव्हतं, कारण तोच दिवस साहेबाचा निघायचा. मी वाडीवाडीतून फिरले. जे कंटाळा करत त्यांच्या दारात जाऊन भांडले. एका म्हाताऱ्या दूधवाल्याने मला तोंडावर भवानी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी फलाटावर आला. ते दोन दगड चाचांनी उचलून ओढ्यात टाकले, सवयीने कोणाचा पाय तिकडे वळायला नको म्हणून. आठवडा गेला, दहा दिवस गेले, साहेबाचा पत्ता नाही. माणसं कुरकुरायला लागली. आई कुरकुर ऐकायची आणि किटली उचलायची.

तेराव्या दिवशी औंढ्याचे पाहुणे मला बघायला येणार, असं आबांनी आदल्या संध्याकाळी जाहीर केलं. गाडी थांबणार नाही असं ते धरूनच चालले होते. उद्या दोघींनी घरीच राहायचं, म्हणाले. आमच्याकडे थोरल्या दिराशी बाई समोरासमोर बोलत नसे. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे तोंड करून बोलली.

"आबांना सांग, पाहुन्यांनी खुशाल यावं. पोरगी फलाटावर हाय. उद्या तितं दोन मानसं कमी पडली तर चालायचं न्हाई."

मी सांगितलं नाही. आबांनी ऐकलंच होतं. ते उठून आत गेले. खरं सांगते, इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालानेही झाला नाही.

सकाळी आम्ही फलाटावर रांगेने उभे होतो. तळेगावच्या बाजूने रुळांवरून माणसांनी ढकलायची ढकलगाडी येताना दिसली. तिच्यावर तो साहेब बसलेला, मांडीवर वही. उतरला, टोपी सारखी केली आणि एका टोकापासून मोजायला लागला. एवढ्यात फाटकाकडून आबा आले, स्वच्छ पागोटं बांधून. पाहुणे याच गाडीने लोणावळ्याकडून येणार होते आणि त्यांना उतरवून घ्यायला घरचं कोणी नको का? ते आमच्यापासून चार हात लांब, पाठ करून उभे राहिले. साहेबाने त्यांच्याकडे पेन्सिलीने खूण केली आणि वहीत लिहिलं.

गाडी आली. पुढच्या डब्यातून औंढ्याची मंडळी उतरली, पाच जण, त्यात नवरामुलगाही असावा. एकाच्या हातात नारळाची पिशवी होती. साहेब त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने त्यांना मोजलं. ते बिचारे आपला असा मान कुठल्या गावी होत नाही अशा तऱ्हेने बघत राहिले. आईने किटली खाली ठेवून त्यांना दोन्ही हातांनी राम राम केला, मला त्यांच्या अंगावरूनच डब्यात चढवलं आणि किटली उचलून मागून स्वतः चढली. नवऱ्यामुलाने मला पाहिलं ते पाठमोरं. मीही त्याला धड पाहिला नाही.

आठ-दहा दिवसांनी मास्तरांनी आम्हाला खिडकीपाशी बोलावून कागद वाचून दाखवला. दुपारची गाडी बंद. सकाळ-संध्याकाळची घोरावाडीला थांबेल. साहेबाने ठरवलेल्या आकड्यापेक्षा आम्ही तिघंच जास्त भरलो होतो. तिघंच, म्हणून मास्तर पुन्हा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी मनात हिशेब केला. औंढ्याचे पाच आणि सहावे आबा. ते सहा नसते तर गाडी गेली असती.

मी आईला हे सांगितलं. आबा तेव्हा आमच्याशी बोलत नव्हते आणि पाहुणे नाराज होऊन गेले होते.

"मग त्यास्नी लाडू पाठवाय पायजेत," ती म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिने खरंच रव्याचे लाडू वळले, पाच जणांचे दहा, आणि चाचा लोणावळ्याला जाणार होते त्यांच्या पाटीत औंढ्यासाठी बांधून दिले. दोन लाडू तिने वाटीत काढून ठेवले होते. ते मी आबांच्या पुढ्यात नेऊन ठेवले. त्यांनी मला विचारलं की परीक्षा कधी आहे.