मधी बसणारे आप्पा

गेल्या रविवारी हिंदमाताला मी भलत्याच माणसाच्या गाडीत जाऊन बसलो. शुभा, म्हणजे माझी बायको, साड्यांची खरेदी आटोपून गाडी आणायला गेली होती आणि मी पिशव्या सांभाळत दुकानाच्या पायरीवर उभा होतो. समोर एक पांढरी, उंच, चौकोनी तोंडाची गाडी येऊन थांबली. हल्ली मुंबईतली प्रत्येक दुसरी गाडी पांढरी, उंच आणि चौकोनी तोंडाचीच असते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी मागचं दार उघडलं, पिशव्यांसकट सरकत सरकत बरोबर मधे जाऊन बसलो आणि म्हणालो, "चल. त्या निळ्या साडीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही."

स्टिअरिंगवरच्या माणसाला मिशा होत्या.

तो फोनवर कुणाला तरी हॉलचा पत्ता विचारत होता, त्यामुळे त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. गाडी सुटली. माझ्या शेजारी खिडकीशी एक ठसठशीत कुंकवाच्या आजी बसल्या होत्या. त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं, किंचित सरकून घेतलं आणि विचारलं, "मुलाकडचे का मुलीकडचे?" अशा वेळी खरं बोलायला शहाणपण लागतं. मी म्हणालो, "मुलीकडचा." आजी म्हणाल्या, "वाटलंच. मुलाकडचे अजून कुणी फिरकले नाहीत." मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. तो हॉर्न मला ओळखीचा वाटला. परळच्या सिग्नलपर्यंत मी त्या लग्नातला मानकरी होतो.

चूक माझीच. पण गाडीत शिरल्या शिरल्या मधे सरकायची खोड माझी नाही. ती आप्पांची.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. लग्न केलं नाही, गिरणी होती तोवर गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले, आणि लालबागच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा तेही आमच्याबरोबर वर चढून आले. या माणसाने आयुष्यात सायकलसुद्धा विकत घेतली नाही, आणि कुठल्याही वाहनात ते खिडकीशी बसले नाहीत. एसटी रिकामी असली तरी तिघांच्या बाकावर मधे. टॅक्सीत एकटे असले तरी मधे. टॅक्सीवाले आरशात बघून दचकायचे. "खिडकीत बसलेला माणूस बाहेरचा असतो," आप्पा म्हणत. "मधी बसलेला घरचा."

कुणी प्रवास करून आलं की लोक विचारतात, कसा झाला प्रवास? कुणी नवी गाडी घेतली की विचारतात, ॲव्हरेज किती देते? आप्पांचा दोन्ही वेळेला एकच मालवणी प्रश्न असायचा : "मधी कसां वाटलां?" माझा एक मित्र विमानाने लंडनला जाऊन आला, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा खिडकीत बसला होता. आप्पांच्या लेखी तो गेलाच नव्हता. शुभा गिरगावातली, शुद्ध बोलणारी. ती लग्न होऊन आली तेव्हा या प्रश्नाला इतकी हसली, की आप्पा तिला मुद्दाम रोज विचारायचे. ती ऑफिसातून आली की, "काय सूनबाई, मधी कसां वाटलां?" आणि ती पर्स आपटून म्हणायची, "आप्पा, मला उभं राहायला मिळालं हेच खूप!"

या मधल्या जागेचं खरं कारण मात्र गणपती. आमच्या गावच्या घरातली मूर्ती लालबागच्या कारखान्यातून एसटीने जायची, आणि ती न्यायचा मान आप्पांचा. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, मूर्ती मांडीवर, आप्पा मधे. दोन्ही बाजूंना घरची माणसं, म्हणजे धक्का लागला तर आधी आम्हाला. अशी त्यांनी ती उभ्या जन्मात कधी खाली ठेवली नाही. मग त्यांचे गुडघे गेले, एसटीचा प्रवास बंद झाला, आणि एका वर्षी माझा चुलतभाऊ संजू मोठ्या प्रेमाने आपल्या नव्या गाडीतून त्यांना घेऊन गेला. त्या गाडीत मधल्या रांगेला दोन ऐटदार सुट्या खुर्च्या आणि मधे मोकळी वाट. मग संजूने आप्पांना मान म्हणून पुढे बसवलं आणि मूर्ती थर्माकोलमध्ये गुंडाळून मागे डिकीत ठेवली. मूर्ती सुखरूप पोचली. आप्पा पोचले नाहीत. विसर्जनापर्यंत ते संजूशी एक शब्द बोलले नाहीत, आणि परत आल्यावर मला म्हणाले, "देव काय सामान आसा रे, डिकीत घालूक? पुढच्या वर्षी मांडीवर जाईल. नायतर मी जाणार नाय."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आप्पा, आपण गाडी घेऊ." शुभाने माझ्याकडे पाहिलं. गाडी चालवते ती. परवाना माझ्याकडेही आहे, पण तो मी ओळख पटवण्यापुरता वापरतो.

तर अशा रीतीने, गाडी न चालवणारे दोन पुरुष गाडी निवडायला निघाले आणि चालवणारी बाई आम्हाला टॅक्सीत घालून शोरूमला नेऊ लागली. गुडघ्यांमुळे आप्पांना दारातून आत चढवायचं, मधे सरकवायचं, पुन्हा बाहेर काढायचं. शोरूममधल्या लोकांना वाटायचं आजोबांना बाथरूमला जायचंय. पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, इलेक्ट्रिक या भानगडीत ते पडलेच नाहीत. मी पडलो. मी मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले, की शेवटी मला एवढंच कळलं, की ज्याने जी घेतली तो तीच चांगली म्हणतो.

मन माझं हायब्रिडवर होतं. तो माझा स्वभावच. जेवायला काय करू विचारलं तर 'काहीही' म्हणणाऱ्या माणसाने दुसरं काय घ्यावं? शोरूममधला मुलगा रंगात येऊन सांगत होता, "सर, कधी बॅटरीवर जायचं, कधी पेट्रोलवर, हे गाडी स्वतःच ठरवते. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

आप्पा आतून म्हणाले, "आमचा मुकादम असाच होता. कामावर आहे का नाही, कधी कळला नाय." मग पाय कुठे ठेवायचे ते बघू लागले. मधे खाली चांगला दणकट उंचवटा होता. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. "बाळा, म्हशीवर बसल्यासारखा वाटता. मी चालवून घेईन. पण म्हशीवर बसलेल्याच्या मांडीवर गणपती बरा दिसात काय?"

हायब्रिड तिथेच बाद झाली. पुढच्या शोरूममध्ये संजूसारख्याच सुट्या खुर्च्या निघाल्या. आप्पांनी मधल्या वाटेकडे बघितलं आणि गाडीला चक्क पाठ करून उभे राहिले. एका ठिकाणी मधली सीट होती, पण दगडासारखी. तिच्या पाठीत हात टेकायचा कप्पा होता आणि तो आप्पांच्या मणक्यात घुसला. श्रावण लागला तरी गाडी ठरेना. आप्पा आता घरी मधेच विचारायचे, "कारखान्यात रंग द्यायला घेतला असेल, न्हय?" आणि उत्तराची वाट न बघता खिडकीकडे जायचे. त्यांना खिडकीत उभं बघायची आम्हाला सवय नव्हती.

मग आली इलेक्ट्रिक. प्रभादेवीच्या त्या शोरूममध्ये निखिल नावाचा पोरगेला, टाय लावलेला सेल्समन होता. त्याने दार उघडलं आणि आप्पांनी खाली पाहिलं. उंचवटा नाही! सपाट, घरातल्या लादीसारखं. बॅटरी खाली असल्याने पाय जरा उंच राहत होते आणि गुडघे वर येत होते. मी म्हणालो, "आप्पा, गुडघे दुखतील." आप्पा म्हणाले, "दुखूं देत. मांडीचो पाट झालो." आणि मग निखिलला, "चालवून बघूया. पण मोकळी मांडी घेऊन काय समजणार?"

त्यांनी पिशवीतून आमचा प्रेशर कुकर काढला.

तो त्यांनी शुभाला न सांगता घरून आणला होता. आत तांदूळ भरले होते, मूर्तीइतकं वजन यावं म्हणून. झाकणावर नारळ, भोवती उपरणं. शुभा स्टिअरिंगवर बसली, निखिल तिच्या शेजारी, मी खिडकीशी, आप्पा मधे, कुकर मांडीवर. गाडी निघाली आणि सवयीने आप्पांनी कुकरच्या तोंडावर रुमाल टाकला.

दुसऱ्या कुठल्याही गावात याने काही झालं नसतं. पण आम्ही लालबागच्या दिशेने निघालो होतो आणि ऑगस्ट चालू होता. पहिल्याच सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने आत पाहिलं, चप्पल काढून पाय डांबरावर टेकवला आणि हात जोडले. पाठोपाठ बसस्टॉपवरून आरोळी आली, "गणपती बाप्पा!" आणि आमच्या गाडीतून, निखिलसकट, "मोरया!" निघून गेलं. तोंडातून निघालेलं मोरया परत घेता येत नाही. पुढे ट्रॅफिक हवालदाराने आडवी वाहतूक थांबवून आम्हाला वाट करून दिली. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आप्पा, रुमाल काढा. कुकर आहे तो." आप्पा म्हणाले, "आता काढलास तर मार खाशील मेल्या." निखिल मूळचा परळचा. त्याने गुपचूप बूट काढून स्वतःच्या मांडीवर घेतले. एका बाईंनी उघड्या खिडकीतून दूर्वा आत दिल्या. शुभा ओठ आवळून, रांगत्या वेगाने गाडी चालवत होती. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

शोरूमला परतल्यावर निखिलने कर्तव्य म्हणून विचारलं, "मॅडम, पिकअप कसा वाटला?" पिकअप कुणीच पाहिला नव्हता.

आप्पा मात्र उतरेनात. "बाळा," ते म्हणाले, "ही गाडी गप्प आसा. म्हणून मला सगळा ऐकू येत होता. खड्डा आला की झाकण कसा हलता, कुठून धरायचा. एसटीत इंजिनच्या आवाजात मूर्तीचा काय ऐकू येणार? आता ऐकलंय. हीच घे."

सोसायटीच्या सभेत चार्जरवरून गोंधळ झालाच. सेक्रेटरी म्हणाले, विजेवर ताण येईल, लिफ्ट बंद पडेल. आप्पा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "गणपतीच्या गाडीक वीज देऊ नये असा ज्यांना वाटता, त्यांनी हात वर करा." लालबागात असा हात वर करणारा अजून जन्माला यायचाय.

आणि आप्पा गेले. खरी मूर्ती मांडीवर घेऊन, मधे बसून. वाटेत एका हॉटेलाशी चार्जिंगला रांग होती. मी घामाघूम. तेवढ्यात पुढच्या गाडीवाल्याला रुमाल दिसला. त्याने स्वतःची लावलेली केबल काढली आणि म्हणाला, "आधी बाप्पांचं होऊ दे." आप्पा खाली उतरले नाहीत. शुभा त्यांना बशीतून चहा पाजत होती आणि ते गाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवून पोच देत होते, जणू नमस्कार निम्मे त्यांनाच होते. घरी पोचल्यावर मूर्ती चौरंगावर गेली तरी त्यांचे हात कितीतरी वेळ तसेच गोल राहिले होते.

विसर्जनानंतर म्हणाले, थोडे दिवस गावात राहतो. मार्गशीर्षात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दिवस करून आम्ही परत निघालो तेव्हा शेजाऱ्यांनी आप्पांच्या माडाचे नारळ पोत्यात भरून दिले. मी पोतं मागे मधे ठेवलं. गाडी निघाली आणि टिंग टिंग वाजू लागली. मधल्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं तिचं म्हणणं. मला पोतं उचलून डिकीत टाकता आलं असतं. शुभाने गाडी कडेला घेतली, उतरून मागे आली, नारळांना नीट पट्टा बांधला आणि पुन्हा पुढे जाऊन बसली.

तेव्हापासून मी मागे मधे बसतो. पुढची सीट रिकामी असते. शुभा सुरुवातीला म्हणायची, "लोकांना वाटतं मी तुझी ड्रायव्हर आहे." हल्ली म्हणत नाही.

तर परळच्या सिग्नलला मिशीवाल्याने फोन ठेवला, आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?" आजी म्हणाल्या, "अरे, मुलीकडचे आहेत." मी त्यांना वाकून नमस्कार केला, पिशव्या उचलल्या, उतरलो आणि मागच्या पांढऱ्या गाडीचं दार आधी क्रमांक वाचून मग उघडलं. सरकत मधे जाऊन बसलो. पट्टा लावला. शुभाने गाडी पुढे काढली. लालबागला येईपर्यंत मी सगळ्या संभाव्य टोमण्यांची उत्तरं तयार करून ठेवली होती.

आमच्या टॉवरच्या कोपऱ्यावर तिने आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ते जाऊ दे. मधी कसां वाटलां?"